ड्रायव्हिंग मास्तरांचा पारा

मास्तर गाडी चालवायला शिकवायचे. त्यांच्या बाजूला जादाचा एक ब्रेक होता आणि तो वेळेवर दाबण्यात त्यांचा हात, खरं तर पाय, कोणी धरू शकलं नसतं. राग मात्र कायम नाकावर. शिकणाऱ्याने क्लच फटकन सोडला, गाडीने गचका दिला, की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "डोकं घरी ठेवून आलात का?" इथून जी सुरुवात व्हायची ती गाडी थांबेपर्यंत. माणसं जीव मुठीत धरून शिकायची. पण शिकायची लवकर, असं मास्तर छाती फुगवून सांगायचे.

एकदा शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई शिकत होत्या. भर चौकात गाडी बंद पडली. मागे हॉर्नचा गोंगाट, शेजारी मास्तरांच्या तोंडाचा पट्टा. बाईंनी शांतपणे पट्टा सोडला, दार उघडलं आणि खाली उतरल्या.

"हँडब्रेक ओढलाय. तुम्हीच शिकवलंत," एवढं बोलून त्या फुटपाथवरून चालू लागल्या. गाडीचं दार तसंच सताड उघडं.

संध्याकाळी मास्तरांनी हे घरी सांगितलं. आपलीच बाजू घेतली जाईल असं त्यांनी गृहीत धरलं होतं. बायको पोळपाट पुसत राहिली. नुकतीच नोकरीला लागलेली लेक मात्र हळूच म्हणाली, "त्या उतरू तरी शकल्या, बाबा. आम्ही कुठे उतरणार?"

मास्तर अर्ध्या ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकीणबाईंनीही सुनावलं, "तुमच्यासारखा शिकवणारा मिळायचा नाही. पण गाडीत बसायचं असेल तर आधी रागाचं बघा." आपल्या बहिणीला ज्या उपचाराने गुण आला होता, त्याचा पत्ताही त्यांनी दिला. डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, भावना आवरायला शिकवणारी.

"नाव उच्चारतानाच माणूस चिडेल!" बायको म्हणाली, आणि बऱ्याच दिवसांनी घरात हसू फुटलं.

समुपदेशक मुलगी लेकीच्याच वयाची. मास्तर मनात म्हणाले, ही काय मला शिकवणार!

"चौकात काय घडलं ते सांगा," ती म्हणाली. "घडलं तेवढंच."

"त्या बाईंनी मुद्दाम..."

"मुद्दाम केलेलं तुम्हाला दिसलं?"

मास्तर अडखळले. "गाडी बंद पडली."

"आणि तुम्हाला काय वाटलं?"

राग, असं सांगायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं. "भीती. मागून ट्रक येत होता."

"राग वाईट नसतो," ती म्हणाली, "पण तो आला की लगेच त्याचं ऐकायचं नाही." थांबायचं, जरा मागे सरायचं, आपल्या आत काय चाललंय ते बघायचं, मग बोलायचं. आणि डोकं फारच तापलं तर श्वास रोखून तोंड थंड पाण्यात धरायचं, म्हणजे अंग आपोआप निवतं. मास्तरांना हा पोरखेळ वाटला. तरी घरी बेसिनपाशी तालीम सुरू झाली.

"अहो, किती वेळा तोंड धुताय? फोटो काढायचाय का?" बायकोने विचारलं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. एका सकाळी किल्ल्या सापडेनात म्हणून त्यांनी बायकोला नको नको ते बोलून घेतलं. किल्ल्या त्यांच्याच खिशात. एरवी ते दोन दिवस फुगून बसले असते. या वेळी दारातून परत आले. "चुकलं माझं. उगाच बोललो तुला."

बायकोने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

हे सांगितल्यावर समुपदेशक मुलीने रागावण्याऐवजी त्याच्या आदल्या रात्रीचं विचारलं. मास्तर उपाशीच झोपले होते, झोपही धड लागली नव्हती. राग काही आभाळातून पडत नाही, हे त्यांना तेव्हा कळलं.

ते त्या निवृत्त बाईंकडेही माफी मागायला गेले. बाईंनी पाणी दिलं, ऐकून घेतलं. "तुम्ही आलात, बरं वाटलं. पण मी आता दुसरीकडे शिकतेय."

ते झोंबलं. तरी मास्तर म्हणाले, "बरोबर आहे तुमचं."

मग एका रविवारी लेक त्यांची स्वतःची गाडी घेऊन मैत्रिणीकडे गेली आणि पांढऱ्याफटक चेहऱ्याने परतली. "बाबा, गाडी खांबावर घातली मी."

मास्तरांच्या कानशिलात ठोके पडू लागले. तोंडाशी आलेलं वाक्य त्यांनी तिथेच थोपवलं आणि ते सरळ बेसिनकडे गेले. बाहेर आले तेव्हा मिशीतून पाणी ठिबकत होतं.

"तुला लागलंय का कुठे?"

लेकीला रडूच फुटलं. "ओरडा ना! मी सगळी तयारी करून आले होते."

"ओरडावंसं वाटतंय. फार वाटतंय. पण आधी तू बस."

ती बसली. थोड्या वेळाने दोघं खाली जाऊन गाडी बघून आले. दार चांगलंच चेपलं होतं. मास्तरांनी त्यावरून हात फिरवला, दीर्घ श्वास सोडला.

"हे बघून राग येतोय मला," ते म्हणाले.

"येणारच," लेक म्हणाली, आणि खांब आडवा कसा आला, ते तिने सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं. मास्तर ऐकत राहिले. मध्ये एकदाच म्हणाले, "खांब नाही गं, तू आडवी गेलीस," आणि दोघांनाही हसू आवरेना.