मोहाखालचा पाला

चैत्रातल्या सकाळी मोहाची फुलं गळत असतात, तेव्हा त्या झाडाखाली क्षणभर उभं राहावं. इतका हळुवार नाद, की तो कानांनी ऐकला की मनानं, हे सांगता येऊ नये! आणि तो गंध! गोड, किंचित आंबूस, अंगावर पातळ वस्त्रासारखा रेंगाळणारा. डहाणूहून झरीच्या शाळेत विज्ञान शिकवायला जाऊ लागले, त्या वर्षी या गंधानं मला अशी भूल घातली, की घंटा होईपर्यंत मी वाटेवरच घुटमळत असे.

शाळेमागे एक उघडीबोडकी टेकडी होती. तिच्यावर पूर्वी भर दुपारी अंधारून यावं इतकं दाट रान होतं, असं पाड्यावरची वृद्ध माणसं सांगत. ते रान मी पाहिलं नव्हतं. न पाहिलेल्या गोष्टीचाही विरह जडतो का हो? मला जडला, आणि एकदा आठवीच्या मुलांपुढे मी तो बोलूनही दाखवला. मग शेवटच्या बाकावरची वनिता, एरवी हजेरीलाच तेवढी बोलणारी, म्हणाली, "मग लावू या ना, बाई."

मुलांनी बिया वेचून आणल्या, दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत माती भरून रोपं वाढवली, आणि नववीत गेल्यावर, आषाढात, ती टेकडीवर लावली. ऐन, खैर, आवळा, मोह. हिवाळ्यात शाळा सुटली की कळश्यांची रांग टेकडी चढू लागे. संध्याकाळच्या केशरी प्रकाशात ती मुलं खालून पाहताना वाटे, ही पाणी नव्हे, पुढची कितीतरी वर्षं डोक्यावर घेऊन चालली आहेत! वनिता सर्वांत वरच्या रोपांना पाणी घाली. तिथवर जायला कुणी राजी नसे.

आणि चैत्रातल्या एका सोमवारी आम्ही आलो, तर टेकडी काळी पडलेली. रोपांच्या जागी बोटभर कोळशाच्या काड्या. पायाखाली राख अजून कोमट होती.

वर्गात संतापाचा कल्लोळ उसळला. गुराख्यांनी आग लावली, रस्त्यावरच्या कुणी विडी टाकली, एकेक तर्क निघू लागला. "ज्यानं लावली, त्याला धरून आणायचं," एक मुलगा ओरडला. तेव्हा वनिता उठून उभी राहिली.

"माझ्या आईनं लावली."

ती खाली पाहत सांगू लागली, "मोहाखालचा पाला जाळला तिनं. फुलं वेचायला जमीन साफ लागते. वारा सुटला आणि आग वर गेली. ती फांदीनं झोडपत होती, बाई. हात भाजलाय तिचा."

मग ओरडणारा तोच मुलगा हळूच म्हणाला, "आमची आजीपण जाळते." मागून आणखी एक आवाज आला, "आमच्याकडंपण."

दरवर्षी जळणारा तो पाला माझ्या रोजच्या वाटेवरच होता. मी गंध तेवढा हुंगला होता. सौंदर्यावर लुब्ध झालेली माणसं किती थोडं पाहतात!

संध्याकाळी मी वनिताच्या घरी गेले. तिची आई लाडकी अंगणात बसली होती, हाताला चिंधी गुंडाळलेली. मला पाहताच ती उठली. "बाई, पोरांची झाडं मी जाळली," ती म्हणाली. "पन पाला नाय जाळला, तर फुलं दिसायची कशी?"

उत्तर वनितानं दिलं. "आम्ही झाडून देऊ, आये. शाळेआधी, रोज."

दुसऱ्या दिवसापासून खराटे घेऊन मुलं पाड्यावरच्या मोहांखाली हजर! पाला कुठं टाकायचा म्हणून ती विचारात पडली, तर लाडकीच म्हणाली, "टाकू नका. भाताच्या राबाला लागंल." टेकडीपासून दूर, शेतात, पेरणीआधी जमीन भाजायला तो पाला उपयोगी पडला.

टेकडीकडे मात्र मला पाहवत नव्हतं. पाऊस पडला, मुलं दहावीत गेली, तरी मी वर गेले नाही. श्रावणात एके दिवशी वनिता धापा टाकत वर्गात आली. "बाई, चला. आईपण वर आलीये."

वर गेलो, तर लाडकी वाकून एकेका काळ्या काडीभोवतीचं गवत बाजूला करत होती. प्रत्येक काडीच्या बुडाशी नाही, पण कितीतरी ठिकाणी तांबूस, लवलवते कोंब फुटले होते. मी एका कोंबाजवळ वाकले.

"ह्यो ऐन," लाडकी एका कोंबाला बोट लावून म्हणाली. "वरून जळतो, मुळाशी जित्ता ऱ्हातो. त्यो तिकडं खैर, त्योपन."

"तुम्हांला हे ठाऊक होतं?" मी विचारलं.

"व्हय तर. या रानात वाढले मी." ती हसली. "पन मला कोन इचारतंय?"

वनितानं वही उघडली. मुलं लाडकीभोवती कोंडाळं करून बसली. मी त्यांच्यातच सरकून बसले आणि शेजारच्या मुलीकडून एक कोरं पान मागून घेतलं.