बंपरच्या मागची मोकळी जागा

भुतंखेतं ही रिकामटेकड्यांची सोय आहे, असं मी कायम म्हणत आलो. तरी हे लिहितोय, कारण घरात ऐकायला कोणी नाही.

मी मॅसॅच्युसेट्समध्ये, श्रूजबरीत राहतो. रिटायर झाल्यावर साठच्या दशकातली एक जुनी गाडी घेतली. पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, भांडी बदलतात म्हणून माझी बायको सुनंदा त्यांवर नाव घालायचं मशीन पुण्याहून घेऊन आली होती. एका दुपारी बघतो तर ही गॅरेजमध्ये आडवी होऊन मागच्या बंपरच्या आतल्या बाजूला ठिपक्याठिपक्यांनी ‘सुनंदा’ कोरतेय!

“अगं, गाडी आहे ती, पातेलं नव्हे!”

“अहो, हरवली तर? थांबा, पुढे तुमचंही घालते.”

“माझं नको.”

“बरं. जागा सोडलीये. मन बदललं तर सांगा.”

सांगायचं राहिलं... तिला जाऊन दोन वर्षं झाली.

यंदा बंपरचा क्रोमचा मुलामा सुटायला लागला. नव्यानं क्रोम करायला दोन दुकानं पाहिली. पहिलं म्हणजे पत्र्याची शेड. तिथला म्हातारा म्हणाला, “गंज खोल गेलाय. घासताना तुटेल. गॅरंटी नाही देणार.” दुसऱ्याच्या लॉबीत गालिचा, ट्रॉफ्या आणि मालकाच्या तोंडी सारखं ‘हेरिटेज’. अशा थाटाला मी जन्मभर हसलो. पण त्यानं लिहून दिलं – हाच बंपर परत मिळेल, मागच्या बाजूला हात लावणार नाही. त्या कागदाला भुललो.

सहा आठवड्यांनी बंपर घरी आला आणि पाठोपाठ मालकाचा फोन.

“सॉरी सर, तुमचा पॉलिशला तुटला. त्याच मॉडेलचा दुसरा पाठवलाय. उलट जास्त चांगला आहे!”

“माझ्या बंपरचे तुकडे टाकू नका,” एवढंच म्हणालो आणि दुकानाकडे निघालो.

नावाचा तुकडा मिळाला. ‘सुनंदा’, पुढे मोकळी जागा. शेजारच्या सीटवर ठेवून आणला. सीटबेल्ट लावला का, ते विचारू नका.

नवा बंपर परत पाठवायचा म्हणून ड्राइव्हवेत उलटा केला. मागे ठिपक्यांत ‘सुनंदा’. आणि पुढे ‘वसंत’ – माझं नाव.

तुकडा शेजारी ठेवून पाहिला. अक्षर तिचंच. दुकानात मराठी कोणाला येत नाही, मशीन माझ्या किचनच्या ड्रॉवरमध्ये आहे. मालक म्हणतो, हा बंपर ओहायोतल्या कुठल्याशा गाडीचा.

तो मी परत पाठवला नाही. स्पष्टीकरण अजूनही नाही. मन बदललंय, हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.