सुभानला तेवढा चहा सांगा

सुनंदा गेल्याचं मला चहाच्या टपरीवाल्या सुभानकडून कळलं. सकाळीच त्याचा फोन आला, "बाई, आपल्या डाक्टरीणबाई गेल्या..." तिच्या हॉस्पिटलच्या कंपनीचा शोकसंदेश दुपारी मोबाइलवर आला, फोटोसकट. हा क्रम सुनंदाला नक्की आवडला असता.

कडेगावात तिचं बाळंतपणाचं हॉस्पिटल आमच्या शाळेसमोर. मी शिक्षिका. मधल्या सुट्टीत तिच्याकडे जाऊन बसायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. सुनेबरोबर सासू यायचीच, आणि सुनेचं दुखणंही सासूच सांगायची. सुनंदा सगळं ऐकून घ्यायची आणि मग म्हणायची, "मावशी, सुभानला तेवढा चहा सांगा की. उभं राहून करून घ्या, न्हाईतर पानी घालतंय ते." मावशी ऐटीत निघायच्या. त्यांच्या सोबतीला मलाही पिटाळलं जायचं. टपरी पार फाटकाशी, चिंचेखाली. चहा उकळेपर्यंत इकडे सुनेला तोंड फुटायचं.

पुढे तिचे गुडघे गेले, मुलगा परदेशी राहिला. मुंबईच्या एका गुंतवणूक फंडाने हॉस्पिटल विकत घेतलं. असे फंड गावोगावची हॉस्पिटलं घेतात, एका कंपनीत गोवतात आणि काही वर्षांनी नफ्यात पुढे विकतात. मी चिडले होते. ती म्हणाली, सोनोग्राफीचं नवं मशीन आणि हाकेला येणारा भूलतज्ज्ञ मला एकटीला कधी जमला असता? ते खरंच होतं, दोन्ही आलं. करारानुसार पाटीवर तिचं नाव राहणार होतं आणि खुर्चीत तीही.

पण कंपनीने टपरी हलवली आणि व्हरांड्यात चहाचं मशीन बसवलं. बटण दाबलं की चहा. सून घसा खाकरतेय तोवर सासू कप घेऊन दारात हजर. अशीच एक पोर काही न बोलता परत गेली आणि आठवड्याने रक्तस्राव होऊन आली. घरात कुणीतरी तिला गर्भ पाडायच्या गोळ्या चारल्या होत्या. पोर वाचली, पण सुनंदाला जेवण जाईना. तिने सांगलीहून आलेल्या मॅनेजरला बोलावलं आणि माझ्यादेखत सांगितलं, "टपरी परत आणा, नाहीतर पाटीवरचं माझं नाव उतरवा."

नावासाठीच तर त्यांनी हॉस्पिटल घेतलं होतं. टपरी परत आली. बाईंना मशीनचा चहा चालत नाही, अशी मॅनेजरची समजूत झाली. त्याला खरं का सांगत नाहीस, असं मी विचारलं, तर म्हणाली, "सांगितलं तर समुपदेशन म्हणून बिल लावतील गं."

परवा माझ्या सुनेला घेऊन तिथे गेले. सुनंदाच्या खुर्चीत आता तिच्याच हाताखाली शिकलेली तरुण डॉक्टर बसते. सुनेला काय होतंय ते मी सविस्तर सांगितलं. डॉक्टरने मान डोलावली. म्हणाली, "काकू, सुभानकाकांना तेवढा चहा सांगता का? उभं राहून करून घ्या..."

मला रागच आला. मला पाठवतेय? मी काय त्या सासवांतली? मग सुनेकडे पाहिलं. ती पदराशी चाळा करत खाली बघत होती.

मी उठले. व्हरांड्यातलं मशीन ओलांडून चिंचेखाली गेले. सुभानने माझ्याकडे पाहिलं आणि पातेलं चढवलं.

"सावकाश कर रं," मी म्हटलं. "चांगला उकळू दे."