राजाचा पाट

माझं शिक्षण चौथीपर्यंत. चारचौघांत बोलायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटते. लेकीच्या लग्नात मात्र बोलले, ते माझ्यापुरतं लिहून ठेवते.

आमचं गाव बेळगावच्या पलीकडे, रानात. तिथे आमचा एक छोटासा राजा होता. तो गादीवर दत्तक आलेला, ते दत्तक इंग्रजांनी मानलं नाही, गढी खाली कर म्हणाले. राजाने सारा द्यायचं बंद केलं, कचेऱ्या जाळल्या आणि कितीतरी पावसाळे रानात काढले. गावच्या बाया लाकडं आणायच्या निमित्ताने त्याला भाकरी पोचवायच्या. त्याच्यासाठी लढताना मेलेल्या एका शिपायाच्या मुलीचं लग्न निघालं, तेव्हा बापाच्या जागी बसायला तो गावात आला. कुणीतरी फितूर झालं. अक्षता पडायच्या आत पलटण मांडवात शिरली. "ऊठ," म्हणाले. तो उठला नाही. पाटावरून उचलून नेलं आणि वेशीवरच्या चिंचेला फाशी दिलं.

"तो उठला नाही, म्हणून पाट अजून त्याचाच," असं माझे वडील सांगायचे. आमच्या गावच्या प्रत्येक लग्नात पुढे एक रिकामा पाट असतो. पहिल्या अक्षता त्याच्यावर, मग नवरानवरीवर.

लेकीचं लग्न इथे शहरात, बसवनगुडीतल्या हॉलमध्ये होतं. जावई महादेवपुऱ्याला कंपनीत, माणसं पुण्याची. मी पहिल्या रांगेच्या मधोमध पाट मांडला, वर सुपारी ठेवली. मुहूर्त जवळ आला आणि जावयाचा लंडनचा साहेब पोचला. विहीणबाई लगबगीने आल्या.

"अहो, हा पाट उचला ना. इथे सरांसाठी सोफा टाकायचाय."

"राजाचा आहे तो," मी हळूच म्हणाले.

"कुठला राजा? पत्रिका पोचली का त्यांना?"

त्यांची बहीण फिस्कन हसली. "सिंहासन नाही आणलं वाटतं!"

माझ्या यजमानांनी यशवंतपूरच्या कारखान्यात जन्म काढला, भांडणाला भितात. कानाशी येऊन म्हणाले, "अगं, स्वल्प अ‍ॅडजस्ट कर. पोरीला त्या घरात नांदायचंय."

भीती मलाही तीच होती. तोंड मी उघडायचं आणि भोगायचं लेकीने. मी खाली बसून सुपारी उचललीसुद्धा. तेवढ्यात हॉलचा माणूस सोफा ओढत आला. "उठा अक्का, सरका."

मी तिथेच मांडी घातली. सुपारी परत पाटावर ठेवली.

"नाही उठत," मी म्हणाले. एवढ्या मोठ्याने, की सनई थांबली. "साहेब आमचा पाहुणा आहे, त्याला दुसरीकडे चांगलं बसवा. ही जागा इंग्रजांनी एकदा रिकामी केली. आता कुणासाठी करायची नाही."

विहीणबाई लालबुंद झाल्या. "मुहूर्त टळेल हां!"

बोहल्यावरून मुंडावळ्या सावरत लेक म्हणाली, "टळू दे. आई, तू हलू नकोस."

जावयाने एकदा आपल्या आईकडे पाहिलं, एकदा लेकीकडे, आणि स्वतः खाली येऊन सोफा बाजूला ओढला. साहेब तिथे खुशाल बसला. सगळ्यांचं बघून त्यानेही पहिल्या अक्षता पाटावरच टाकल्या.

विहीणबाईंनी अजून सोडलेलं नाही. सणावारी भेटल्या की चारचौघांत विचारतात, "काय विहीणबाई, तुमचे राजे बरे आहेत ना?"

"बरे आहेत," मी म्हणते. "बसलेत अजून."