पाथर्डी बारा, शेवगाव बारा

पुढे एसटीडीचे कोड आले तेव्हा लोक कुरकुरायचे, नंबराआधी हे जादा आकडे कशाला? मी म्हणायचे, कशाला ते मला विचारा.

आमचं गाव कागदावर पाथर्डी तालुक्यात. पण बाजार शेवगावचा, सोयरीक शेवगावकडची आणि फोनही शेवगावचा, तिथल्या आडत दुकानातला. गावात फोन नव्हताच. कुणाला नंबर द्यायचा झाला की आम्ही ऐटीत सांगायचो, "बारा नंबर, पीपी." म्हणजे फोन दुसऱ्याचा, निरोप आपला. बारा म्हटलं की जगाला कळतं, अशी आमची ठाम समजूत.

नगरच्या दवाखान्यात नर्सिंगला अर्ज केला तेव्हा नंबर आबांनीच सांगितला, नुसता बारा, पीपी. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. वडील गेल्यापासून घर त्यांच्या शब्दावर चालायचं. मुलाखत झाली, पण जागा भरल्या होत्या. मेट्रनबाई म्हणाल्या, "एखादी गळाली तर सोमवारी सकाळी फोन करू." आबांनी लगेच अट घातली, "दुपारपातूर फोन आला तर जा. न्हाई आला तर मंगळवारी पाव्हणे बघायला येत्यात. मग तोंड उघडायचं न्हाई."

सोमवारी आम्ही दोघं आडतीत जाऊन बसलो. फोन वाजला की मी अर्धी उठायचे. कुणाला कांद्याचा भाव हवा होता, कुणाला ट्रकचा पत्ता. माझा काही येईना. ऊन डोक्यावर आलं तसे आबा टोपी सारखी करत उठले.

"झालं. चल आता."

"फोन आला नाही म्हणजे नको म्हणाले असं नाही. मी लावून विचारते."

आडत्या हसला. "आलेला घे पोरी. लावायला न्हाई मिळायचा, धंद्याचा फोन हाय." हमालही हसले. माझ्या अंगाची नुसती आग झाली. अख्खा जन्म माझा, आणि निकाल त्या काळ्या डबड्यानं लावायचा? चपला घातल्या आणि सरळ पोस्टाची वाट धरली.

खिडकीतल्या कारकुनानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ट्रंककॉल? बरोबर घरचं कुणी माणूस?"

"आहे की. मी."

मागून आबा धापा टाकत आले. "घरी चल. गावभर शोभा नको."

"ओढून न्या मग," मी म्हटलं आणि बाकावर ठाण मांडलं. ते ओठ चावत दुसऱ्या टोकाला बसले. कारकुनानं मुकाट नगरचा कॉल नोंदवला.

कॉल लागला तेव्हा मेट्रनबाईच बोलल्या. "अगं, सकाळी दोनदा केला फोन! पाथर्डी बारा. अशी कुणी मुलगी इथं नाही म्हणून तिथल्या माणसानं आपटला. अर्जावर तालुका पाथर्डीच आहे ना? आता दुसरीला कळवायलाच घेतलं होतं."

"पाथर्डी नाही हो बाई, शेवगाव! शेवगाव बारा!" मी एवढ्यानं ओरडले की कारकुनाचा शिक्का हातातच राहिला. म्हणजे बारा नंबर पाथर्डीलाही होता तर!

"बरं बरं. पण येणार आहेस का नक्की? वडीलधारं कुणी असेल तर त्यांना दे जरा."

आबांनी हात पुढे केला. मी रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी घट्ट धरला. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण सोडला नाही.

"शिकायला मी येणार आहे बाई, तर मीच सांगते. उद्या पहिल्या गाडीनं येते."

एसटी स्टँडापर्यंत आबा पुढं पुढं चालत राहिले. तिथं एकदम थांबून म्हणाले, "आन् उद्या त्या पाव्हण्यास्नी मी काय सांगू?"

"सांगा, पोरगी नगरला गेली. बोलायचंच असेल तर फोन करा म्हणावं. फक्त नंबराच्या आधी गाव सांगा, आबा. तेवढं विसरू नका."