तेरा फुटांत न मावलेलं घर

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या सुशीलला मी पहिली दोन वर्षं चक्रम समजत होते, आणि हे त्याला तोंडावर सांगितलेलंही आहे. हिंगण्याच्या कारखान्यात लेथवर काम करणारा चांगला शहाणासुरता मुलगा. सुट्टीच्या दिवशी बायकोला सक्करदऱ्याच्या तलावावर फिरवून आणावं, तर हा पहाटेच मोटरसायकलला कॅमेऱ्याचा स्टँड बांधून निघायचा. कुठे? तर माणसं सोडून गेलेल्या गावांचे फोटो काढायला. सरकारी कागदात अशा गावांपुढे ‘रिठी’ लिहितात. म्हणजे गाव नावापुरतं, राहत कोणी नाही. माझी सगळी नोकरी जमिनींच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीत गेली. तीस वर्षं मी हा शब्द लिहिला, पण त्यातलं एखादं गाव जाऊन बघावं असं मला एकदाही वाटलं नाही.

“तिथे आहे काय रे बघण्यासारखं?” मी विचारायची.

“काहीच नाई काकू,” तो म्हणायचा. “पन ते काहीच नाई कसं दिसते, ते पाहा लागते ना.”

त्याची पद्धत मात्र बघण्यासारखी होती. एकाच जागी स्टँड रोवायचा आणि कॅमेरा थोडा थोडा वळवत पंचवीस-तीस फोटो घ्यायचे. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा तुकडा आलाच पाहिजे. मग घरी संगणकावर ते गोधडीसारखे एकाला एक जोडायचे. त्याचा एकच लांबलचक फोटो होतो, पण स्टँड मध्येच हलला तर सांधा चुकतो आणि झाडाला दोन बुंधे फुटतात. हा फोटो तो बेशाच्या चौकातल्या बॅनरवाल्याकडून फ्लेक्सवर छापून आणायचा. पहिल्या वेळी बॅनरवाला ते ओसाड माळरान बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “भाऊ, वाढदिवस कोनाचा हाये? फोटो कुठं टाकू?”

वरच्या दोन खोल्यांत एवढं लांब चित्र उलगडायला जागा नाही. म्हणून ते उलगडायचं माझ्या हॉलमध्ये. मी कुरकुर करायची आणि चष्मा लावून सगळ्यांच्या आधी बघायलाही बसायची.

यंदाच्या एप्रिलात सुशीलची सासू प्रयागबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे, म्हणजे कामिनीकडे आली. साठी ओलांडलेली, सडसडीत, बोलायला खमकी बाई. पण जावयाशी मात्र एक अक्षर नाही. त्यांच्यात सासू जावयाशी थेट बोलत नाही. जे काय असेल ते लेकीमार्फत. कामिनी घरात नसली की बाई भिंतीला सांगायची, “कोनाले चहा पाह्यजे असन, त मांडला हाये.” आणि सुशील भिंतीला उत्तर द्यायचा. मी हसून हसून बेजार.

प्रयागबाईंचं गाव धामणखेडी. पंचवीस वर्षांपूर्वी धरणाच्या पाण्यात गेलं आणि लोक नव्या वस्तीत राहायला आले. कामिनी तेव्हा चार वर्षांची, तिला काही आठवत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुनं गाव उघडं पडतं. बाकीचे लोक एकदोनदा जाऊन बघून आले. प्रयागबाई गेली नाही. आधी धीर झाला नाही, मग गुडघे राहिले नाहीत. शेजारचे धोंडबा मात्र जाऊन आले आणि सांगत आले, “वहिनी, तुमच्या घराची निशानीबी नाई राह्यली. सारं धुऊन गेलं.”

हे तिनं मला दुपारी भाजी निवडता निवडता सांगितलं. “भिती मातीच्या होत्या, त्या जातीनच. पन ओटा आमच्या यायनं सोताच्या हातानं बांधला होता, काळ्या दगडाचा. त्यो कसा जाईन, बाई? धोंडबा म्हंते, गेला.” नवरा जाऊन तिला बारा वर्षं झाली होती. तो ओटा आहे की नाही, एवढंच तिला हवं होतं.

मी ते कामिनीला सांगितलं, कामिनीनं सुशीलला. पुढच्या सुट्टीला स्वारी पहाटे चारला धामणखेडीला रवाना. सासूला काही सांगायचं नाही, एकदम फोटोच दाखवायचा, असं नवराबायकोनं ठरवलं. पण घर कोणतं, त्याची खूण काय, हे तिलाच विचारावं लागलं असतं. सासूशी बोलायचं नाही आणि गुपितही फोडायचं नाही, म्हणून ते राहूनच गेलं. एवढ्या मोठ्या गावाचा फोटो घेतला की घर त्यात येणारच, असा त्याचा हिशेब.

संध्याकाळी परतला तो उन्हानं रापलेला, पण खुशीत. “काकू, अशी जागा भेटली म्हनता! साऱ्या गावात एकच उचवटा. वरचा वाळलेला गाळ खरडला त खाली दगड. अन् त्यात एक गोल खड्डा. स्टँडचा पाय त्यात असा बसला का इतका वारा असून जराबी हालला नाई. एकबी सांधा चुकला नाई.”

आठवड्यानं तेरा फुटांचं धामणखेडी माझ्या हॉलमध्ये आलं. सोफा सरकवून, भिंतीला टेकवून आम्ही ते उभं केलं. प्रयागबाईच्या डोळ्यावरचा काळा चष्मा दोनच दिवसांपूर्वी उतरला होता. ती समोर आली, पदर डोक्यावर ओढला आणि जागच्या जागी थांबली.

“अगं माय,” ती म्हणाली. “ही त आपली विहीर.”

मग ती चित्राला हात लावत चालायला लागली. डावीकडच्या टोकाला दगडाची ढोणी होती, गुरांना पाणी पाजायची. “ही रंभाबाईची. माह्या दाराच्या डाव्या हाताले.” मग विहीर, मारुतीचा चौथरा, चिंचेचं खोड. “यावरून पडली होती तू, कामिनी.” चालत चालत ती उजव्या टोकाला पोचली. तिथे भाजक्या विटांची अर्धी भिंत, तिच्यात कोनाडा. “हे धोंडबाचं. माह्या उजव्या हाताले.”

ती परत डावीकडे गेली आणि पुन्हा उजवीकडे आली. रंभाबाई आणि धोंडबा यांच्या मधे तिचं घर पाहिजे. पण ढोणी एका टोकाला, भिंत दुसऱ्या टोकाला आणि मधल्या तेरा फुटांत सगळं गाव होतं, फक्त तिचं घर नव्हतं.

“म्हंजे धोंडबा खरंच बोलला,” ती म्हणाली आणि जमिनीवर बसली, बरोबर चित्राच्या मध्यासमोर. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

कामिनी नवऱ्यावर उखडली. “कोनं सांगतले होते तुमाले हे उपद्व्याप? आधी पुसा लागते का नाई?” सुशील खाली मान घालून उभा. मला तर वाटलं, हा फ्लेक्स गुंडाळून माळ्यावर टाकावा.

“ओटा नाई त नाई,” प्रयागबाई भिंतीशी बोलल्यासारखी बोलली. “त्यातलं उखळ तरी राहाचं होतं. टाकीनं घडवून देल्लं होतं यायनं, मले वाकाचा तरास होते म्हून.”

सुशीलनं मान वर केली. “उखळ?” रीत विसरून तो थेट तिलाच विचारत होता. “ओट्यातच होतं? गोल? इतकं?” त्यानं दोन्ही हातांनी माप दाखवलं.

प्रयागबाईनं लेकीकडे बघून मान डोलावली.

“मंग ते हाये ना!” तो ओरडलाच. “मी त्यातच स्टँड रोवला होता! मी तुमच्याच ओट्यावर उभा होतो. म्हून त तो फोटोत नाई आला. जिथं उभं राहून फोटो काढतो, ती जागा कशी येईन फोटोत?”

तिला ते कळेना. मग सुशीलनं डावं टोक धरलं, मी उजवं, आणि आम्ही ते चित्र पुढे ओढून तिच्याभोवती वळवलं. ढोणी तिच्या डाव्या हाताला आली, धोंडबाची भिंत उजव्या हाताला आणि समोर विहीर. प्रयागबाईनं एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. मग पदराआडून जमिनीवर हात फिरवला, माझ्या फरशीवरून, जणू तिथं दगड होता.

“दारातूनच दिसून राह्यलं सारं,” ती म्हणाली. आणि आता मात्र रडली. फ्लेक्सचं टोक हातात धरून मीही रडत होते, डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

थोड्या वेळानं ती एकदम दचकली. “अवं कामिनी, जवाईबापू आपल्या घरी जाऊन आले ना!” लग्नाला चार वर्षं झाली, नव्या वस्तीतल्या घरी सगळा मानपान झाला होता, पण ते घर तिनं मनातून कधी आपलं धरलंच नव्हतं. “पहिल्यांदा आले, अन् पाय धुवाले पानीबी नाई देल्लं कोनी त्यायले.”

ती गुडघ्यावर हात टेकून उठली, माझ्या स्वयंपाकघरात गेली आणि तांब्या भरून घेऊन आली. सुशील मागे सरकला, “राहू द्या, राहू द्या” म्हणायला लागला. तिनं भिंतीकडे पाहिलं नाही, लेकीकडेही नाही.

“उन्हातून आले तुमी,” ती त्याला म्हणाली. “पाय धुवा.”

माझ्या हॉलच्या फरशीवर पाण्याचा थेंब सांडलेला मला खपत नाही, हे वरच्या दोघांना चांगलं ठाऊक आहे. त्या दिवशी परात मीच आणून ठेवली.