कांद्याच्या रांगेतल्या वरमाला

माझ्या सख्ख्या भाचीच्या वरमाला मी कांद्याच्या लिलावाला नेल्या होत्या.

तेव्हा मी तरुण होते, जेमतेम पंचावन्नची. त्या वयात आपल्याला सगळं कळतं असं वाटतं. आता पासष्टी ओलांडल्यावर लक्षात येतं की मला तेव्हा फक्त गाडी चालवता येत होती. तीही पुढे. मागे घ्यायची वेळ आली की मी खाली उतरायचे आणि किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यायचे.

गाडी म्हणजे साधीसुधी नव्हे. सात माणसं बसतील अशी थोरली एसयूव्ही, आणि ती घ्यायला मीच लावली होती. ह्यांचं म्हणणं, छोटी गाडी पुरे. मी म्हटलं, माझ्या हारफुलांच्या धंद्याला मखमलाबादच्या मळ्यातून फुलं काय डिकीत भरून आणायची? ह्यांनी अंबडच्या कारखान्यात तीस वर्षं लोखंडाला लोखंड जोडलं होतं. निवृत्तीनंतर हात शिवशिवतच होते. त्यांनी महिनाभर खपून दोन चाकांचा एक ट्रेलर बनवला आणि गाडीच्या मागे अडकवला. आमच्या इंदिरानगरच्या गल्लीत त्या ट्रेलरला सगळे 'काकूंचं शेपूट' म्हणत.

शेपूट दिमाखदार होतं, पण ते लागलं की गाडी डिझेल नुसती ढोसायची. एरवी अकराचं अ‍ॅव्हरेज देणारी गाडी, शेपूट जोडलं की सातावर यायची. आणि दुर्दैवाने हा आकडा स्टिअरिंगच्या मागे, माझ्या नाकासमोर, सतत चमकत असे.

माझं माहेर सटाण्याचं. थोरला भाऊ, आमचा दादा, तिथे डाळिंबं लावतो. तो एकदा नाशिकला आला, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, वाकून तो सातचा आकडा पाहिला आणि म्हणाला, "शोभा, ही गाडी नाही, म्हैस शे." (दादा एरवी तुमच्याआमच्यासारखं बोलतो. फार आनंद झाला किंवा फार कीव आली की अहिराणीवर उतरतो. त्या दिवशी आनंद झालेला दिसत नव्हता.)

त्या 'शे'ने मला झोप लागेना. त्याच्या पल्लवीच्या लग्नाला येईन तेव्हा शेपटासकट दहाचा आकडा दाखवीन, असं मी त्याला फोनवर सांगून बसले. वर, आत्या म्हणून हेही जाहीर केलं की मांडवाची सगळी फुलं आणि दोन्ही वरमाला माझ्याकडून. सटाण्यात कोणाला एक पाकळीही विकत घेऊ देऊ नकोस. दादा बिचारा भोळा. त्याने खरंच घेऊ दिली नाही.

मग मी अभ्यासाला लागले. मोबाईलवर एक गृहस्थ भेटले. (भेटले म्हणजे ते बोलायचे आणि मी वहीत उतरवून घ्यायचे.) त्यांचं सांगणं असं, की ट्रेलर ओढताना वजन कमी ठेवा, टायरमध्ये हवा नीट भरा, टपावरचा कॅरिअर काढा, ताडपत्री ताणून बांधा, वेग एकसारखा ठेवा, एसी जपून वापरा. मी पाठ केलं. कॅरिअर उतरवला. ह्यांची हत्यारांची पेटी उतरवली. पाण्याचे दोन कॅन उतरवले. ह्यांची बॅग उचलून पाहिली आणि त्यातला एक सदरा कमी केला. ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, डोळ्यांवर तो काळा चष्मा. त्यामुळे चालवणार मी आणि शेजारी बसणार ते. त्यांच्याकडेही मी जरा निरखून पाहिलं, पण भाचीच्या लग्नाला नवऱ्याला घरी ठेवणं बरं दिसलं नसतं.

पहाटे झेंडूचे आणि गुलाबाचे क्रेट चढवले, वर ओलं गोणपाट, त्यावर ताडपत्री. वरमाला एका करंडीत, ओल्या मलमलमध्ये गुंडाळून, सगळ्यात मागे. मुहूर्त बारा पस्तीसचा. नाशिक ते सटाणा अडीच तासांचा रस्ता, आम्ही साडेसातला निघालो. निघताना ह्यांना बजावलं, "सटाणा येईपर्यंत एकही सूचना नको. माझं लक्ष आकड्यावर आहे."

"बरं," हे म्हणाले. ह्यांचा हा 'बरं' फार वाईट असतो.

मे महिना. एसी बंद. काचा उघडल्या तर वारा आत शिरून गाडी जड होते, असं ते गृहस्थ म्हणाले होते, म्हणून काचाही बंद. ओझर येईपर्यंत आम्ही दोघं उकडीच्या मोदकासारखे झालो होतो. ह्यांनी रुमालाने चष्मा पुसला, मग कपाळ पुसलं, मग रुमाल पिळला. आकडा आठवर आला होता. मला घाम गोड लागत होता.

आणि ओझरच्या पुढे मला तो दिसला. उंच फळ्यांचा, काठोकाठ कांदा भरलेला एक टेम्पो, एका चालीत चाललेला.

इथे माझ्यातली शास्त्रज्ञ जागी झाली. शाळेत असताना वाऱ्याच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे सायकल धरली की पाय दुखत नसत. समोरचा वारा ट्रॉली खायची. मग मोठ्या गाडीच्या मागे मोठी गाडी का नाही? (हे त्या मोबाईलवाल्या गृहस्थांनी सांगितलं नव्हतं. हा माझा स्वतःचा शोध. तुम्ही लावू नका. पुढचा गचकन थांबला तर शोध आणि शास्त्रज्ञ दोन्ही त्याच्या फळीला चिकटतात.)

मी टेम्पोच्या मागे लागले. तो हळू, मी हळू. तो जोरात, मी जोरात. आकडा साडेआठ. नऊ. कांद्याची टरफलं उडून काचेवर येत होती, बॉनेटवर बसत होती, मागे ताडपत्रीच्या फटींतून आत शिरत होती. मला ती अक्षता वाटली. नऊ पॉइंट चार. टेम्पोवाला मध्येच जिवावर उदार झाल्यासारखा पळायला लागला. मीही पळाले. रस्त्यावरची पाटी, फाटा, डोंगर, काहीच दिसत नव्हतं. समोर फक्त कांदा आणि खाली फक्त आकडा. मध्ये कुठेतरी हे जोरात खोकले. मी म्हटलं, खोकल्याची गोळी सटाण्यात घेऊ.

नऊ पॉइंट आठ झाले आणि टेम्पो डावीकडे वळला. मीही वळले. एक मोठं फाटक आलं, शिट्टीवाला माणूस हात हलवत होता, मी हसून मान डोलावली आणि आत शिरले. दादाने स्वागताला माणूस ठेवलेला बघून मला भरून आलं होतं.

टेम्पो थांबला. मी थांबले. माझ्या मागे एक ट्रॅक्टर येऊन थांबला, त्याच्या मागे दुसरा, त्याच्या मागे पिकअप. डावीकडे रांग, उजवीकडे रांग. सगळीकडे कांदा. मांडव कुठेच नाही.

"अहो," मी म्हटलं, "हे काय आहे?"

"बाजार समिती," हे म्हणाले.

"आपण सटाण्याला ना निघालो होतो?"

"मी निघालो होतो. सोग्रस फाटा मागे पडला तेव्हा खोकलोसुद्धा होतो."

घड्याळात साडेनऊ. चांदवड केव्हाच मागे गेलं होतं. माझ्या माहेरचा फाटा, जिथून मी लहानपणापासून शेकडो वेळा वळले, तो मी कांद्याच्या फळीकडे बघत ओलांडला होता. आता गाडी मागे घ्यावी तर मला येत नाही, आणि शेपूट असलं की स्टिअरिंग इकडे फिरवावं तर ते तिकडे जातं. तरी मी एकदा प्रयत्न केला. शेपूट शेजारच्या रांगेत शिरलं आणि दोन्ही रांगा अडल्या. ट्रॅक्टरवाल्यांनी माझ्याबद्दल जे मत दिलं ते इथे लिहीत नाही. त्यात तथ्य होतं.

तेवढ्यात व्यापाऱ्यांचा घोळका रांग बघत बघत आमच्यापाशी आला. मी काही सांगायच्या आत एकाने सवयीने ताडपत्रीखाली कोपरापर्यंत हात घातला, गोणपाट चाचपलं आणि मागे वळून जाहीर केलं, "ओला माल शे. उठाव नाही."

मला एवढं लागलं की मी गाडीतून उतरले. सकाळी चारला उठून भरलेली ताजी फुलं, आणि ह्याला उठाव नाही म्हणे. मी ताडपत्री फाडकन मागे ओढली. झेंडू, गुलाब, आणि करंडी उघडून दोन वरमाला. टोपीवाल्या एका म्हाताऱ्याने डोक्याला हात लावून विचारलं, "माय, लगीन आठेच लावनं शे का?" (आठेच म्हणजे इथेच.)

लग्न सटाण्याला आहे, भाची हळद लावून बसली आहे, आख्ख्या मांडवात एक पाकळी नाही आणि ते माझ्यामुळे, हे मी कसंबसं सांगितलं. सांगताना पहिल्यांदाच मला ते कळलंही. आकड्याच्या नादात मी त्या पोरीचं लग्न विसरले होते.

गर्दीतून तो टेम्पोवाला पुढे आला. अंगाने दणकट माणूस, पण चेहरा पडलेला. त्याने हातच जोडले. "काकू, ओझरपासून मागं लागलात. मला वाटलं माझा धक्का लागला तुमच्या गाडीला. म्हणून पळालो. लागला का?"

मी त्याला खरं कारण सांगितलं. त्याने एकदा माझ्याकडे, एकदा ह्यांच्याकडे पाहिलं. हे काळ्या चष्म्याआडून समोर बघत राहिले.

पुढचं सगळं त्या लोकांनी केलं. आठ जणांनी शेपूट गाडीपासून सोडवलं, हातांनी उचलून पालखीसारखं फिरवलं आणि दोन रांगांच्या मधून फाटकाबाहेर नेलं. टेम्पोवाल्याने माझी गाडी मागे घेतली. ट्रॅक्टर सरकवता सरकवता तास दीड तास गेला. तेवढा वेळ मी उन्हात उभी राहून वरमालांवर पाणी शिंपडत होते आणि म्हातारेबुवा माझ्यावर टोपीने वारा घालत होते. निघताना त्यांनीच देवळ्याकडून जायची वाट सांगितली. ह्या वेळी मी ह्यांना म्हटलं, "प्रत्येक वळणाला बोला." हे सटाण्यापर्यंत बोलत होते. लग्नानंतर एवढं सलग बोलल्याचं मला आठवत नाही.

बाराला पाच कमी असताना आम्ही मांडवात. दादाची सगळी भावकी क्रेटवर तुटून पडली, वीस मिनिटांत झेंडू खांबांवर चढला. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला आणि पल्लवीने वरमाला घातली. माळेतून कांद्याची दोन टरफलं तरंगत नवरदेवाच्या नाकावर उतरली. त्याचे डोळे भरून आले, मग वाहू लागले. बायका पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, किती हळवा जावई मिळाला. मी तो समज आजतागायत दुरुस्त केलेला नाही.

पंगतीत ह्यांच्याकडून चुकलेल्या फाट्याची हकीकत ऐकून झाल्यावर दादा एकटाच गाडीकडे जाताना दिसला. मी धावले, पण पंचावन्नचे पाय ते. तो दार उघडून आत बसला होता. त्याने काचेवरची टरफलं पाहिली, सीटवर पिळून ठेवलेला ह्यांचा रुमाल पाहिला आणि मग वाकून आकडा पाहिला. रांगेत गचके खात सरकणं, मग जीव तोडून घाट चढणं, ह्या सगळ्यानंतर तो सहा पॉइंट एक झाला होता.

दादा खाली उतरला, दार हळूच लावलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "शोभा, तुझ्या गाडीला मी म्हैस म्हटलं होतं, तो शब्द मागे घेतो. म्हैसले घरनी वाट माहीत शे."